पहिल्या हुकाची झोळी

"ते वाक्य गाळून टाक म्हनलं ना तुले."

"काहून गाळू? अख्ख्या टूरमधलं सगळ्यात भारी वाक्य आहे ते, मंगलाबाई. लोक टाळ्या वाजवतात."

"वाजवू दे. आज नको."

"आज तर पाहिजेच! आज आजी येऊन राहिली आहे. अन् आज ते मी नाही बोलणार, तुम्ही बोलायचं. तुमच्या तोंडून."

"मी नाही बोलत."

"पण का?"

"घसा बसला."

"घसा बसला तर माझ्याशी एवढ्या जोरात कशा भांडून राहिल्या?"

मंगलाबाईंनी तोंड फिरवलं आणि पदराने भिंतीवरची पाटी पुसायला घेतली. पाटी स्वच्छच होती. भंडाऱ्याच्या रंगमाला टॉकीजमधली, वरच्या मजल्यावरच्या लेडीज क्लासमागची ही पडवी. भिंतीत ओळीने सोळा लोखंडी हूक, आणि त्यांच्याखाली दामिनीने नव्याने लावलेली पाटी: 'या हुकांना आया आपल्या लेकरांच्या झोळ्या बांधत आणि निवांत सिनेमा बघत. डोअरकीपर मंगलाबाई प्रत्येक आईच्या मनगटाला आणि लेकराच्या पायाला एकाच रंगाचा धागा बांधत. चौतीस वर्षांत एकदाही चूक झाली नाही.'

शेवटचं वाक्य. त्यावरून गेले आठ दिवस चाललं होतं.

"हे पहा," दामिनी खालच्या पायरीवर बसली, आवाज उतरवून म्हणाली, "इमारत आजीच्या नावावर आहे. बाबांना इथं मंगल कार्यालय पाहिजे. आजीनं कराराच्या कागदावर सही केली तर तीन वर्षं इमारत आपली. नाही केली तर पुढल्या महिन्यात जेसीबी. आजी एकदाही आली नाही इथं, दोन वर्षांत. आज पहिल्यांदा येते. तिला हे आवडायलाच पाहिजे, मंगलाबाई. तुम्हाला काय बोलायचं ते बोला, पण गोड बोला."

"गोड," मंगलाबाई म्हणाल्या.

"हो. गोड."

दामिनी खाली पळाली. पंचवीस वर्षांची पोरगी, नागपुरात आर्किटेक्चर शिकून आलेली, टॉकीज बांधणाऱ्या यादोराव सेठांची पणती. तिच्या पावलांचा आवाज जिन्यावरून जाईपर्यंत मंगलाबाई हलल्या नाहीत. मग त्यांनी पहिल्या हुकाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. कोणी पाहिलं तर नाही ना, तेही बघून घेतलं.

मंगलाबाई आता एकाहत्तर वर्षांच्या. एकोणिसाव्या वर्षी त्या वैनगंगेच्या पुलावरून चालत कारध्याहून इथे आल्या होत्या, डोअरकीपरच्या कामाला. गावातल्या व्यापाऱ्यांच्या, कोष्ट्यांच्या घरातली कोणतीच बाई टॉकीजच्या दारात बॅटरी घेऊन उभी राहायला तयार नव्हती. मंगलाबाईंच्या घरी कोणाला लाज वाटली नाही. वडील म्हणाले, "बाबासाहेबांनं शिका म्हनलं. तू सातवी शिकली. तिकिटावरचा नंबर वाचता येते तुले. जाय."

पहिल्याच दिवशी त्यांना दोन गोष्टी सांगण्यात आल्या. एक, लेडीज क्लासमध्ये पुरुष माणूस शिरता कामा नये. दोन, मालकांच्या बॉक्सच्या दाराशी सेठानीबाईंचा पाण्याचा तांब्या ठेवलेला असतो, त्याला हात लागता कामा नये.

धाग्याची कल्पना मंगलाबाईंची. दुपारच्या खेळाला पंधरा-सोळा लेकरं झोळीत. एक रडलं की सगळ्या आया अंधारात उठायच्या, एकमेकींच्या पायांवर पाय, "माहं होय का वो?" "तुहं नाही, माहं होय!" पडद्यावर नायिका मरत असायची आणि इकडे ही गंमत. मंगलाबाईंनी कोष्टीपुऱ्यातून मागावरच्या तुटक्या धाग्यांचा गुंता मागून आणला. लाल, पिवळा, जांभळा, हिरवा. लेकरू रडलं की त्या पायाचा धागा बघायच्या, बॅटरी खाली धरून रांगेतून जायच्या आणि नेमक्या त्या बाईच्या कानाशी म्हणायच्या, "जांभळ्या, चाल. भूक लागली तुह्या लेकराले." बायांना त्या नावाने नाही, रंगाने ओळखत. बाजारात भेटली तरी, "काय वो पिवळ्या, आली नाही मंगळवारी?"

हे सगळं आता टूरमध्ये होतं. दर रविवारी अकरा वाजता बारा-पंधरा माणसं यायची. दामिनी त्यांना प्लास्टरचे मोर दाखवायची, तिकिटांच्या चार खिडक्या दाखवायची, मशीनची खोली दाखवायची, आणि हातांनी विणलेला तो कोशाच्या रेशमाचा पडदा. टॉकीज बंद पडल्यावर हॉलमध्ये धानाची पोती भरलेली होती त्या सतरा वर्षांत पडद्याला उंदीर कसा लागला नाही, हे कोणालाच सांगता येत नसे. मग वर लेडीज क्लास. तिथून पुढे मंगलाबाई. त्या पाहुण्यांच्या मनगटांना धागे बांधत, रंगांनी हाका मारत, माणसं हसून हसून बेजार. शेवटचं वाक्य तेवढं दामिनी म्हणायची. तेव्हा मंगलाबाईंना नेमका खोकला यायचा.

खाली तिकिटाच्या खिडकीपाशी रीना स्कूटीची किल्ली बोटात फिरवत उभी होती. मंगलाबाईंची लेक, पन्नाशीची, मोहाडीच्या तहसील ऑफिसात बाबू. रविवारी आईला ती पुलावरून सोडायला यायची, पण थांबायची नाही. आज थांबली होती.

"जमलं का तुमचं?" तिने विचारलं.

"नाही."

"माय, बोलून टाक ना ते. धाग्यानं चूक झालीच नाही कधी. सेठानीबाईच्या लेकराले धागाच नोहोता. मंग खोटं काय हाये त्या वाक्यात?"

"वाक्यात नाही खोटं."

"मंग?"

"माह्या गप बसन्यात हाये."

"मंग सांगून टाक खरं."

"अन् सेठानीबाईनं सही नाही केली तर? ती पोरगी दोन वर्षं राबली. जाळे काढले तिनं सोताच्या हातानं."

"मंग नको सांगू."

"तुले काय, दोन्ही चालते!"

"हो, मले दोन्ही चालते," रीना म्हणाली. "एक चालत नाही. सांगशीन तर माफी मागू नको. हात जोडू नको. तीन महिन्याची होती मी. भुकी होती. कोनाची चोरी नाही केली."

रीनाला ही गोष्ट आईने सहा महिन्यांपूर्वी सांगितली होती, पाटी लागली त्या दिवशी, भाकरी थापता थापता. एकोणीसशे चौऱ्याहत्तरची गोष्ट. मे महिना, बाराचा खेळ, सोळाही हूक भरलेले. पहिला हूक बॉक्सच्या दाराशी, तो सेठानीबाईंच्या लेकराचा. दुर्गाबाई, दामिनीची आजी, तेव्हा तेवीस वर्षांच्या, यादोराव सेठांची सून. लेकरू तीन महिन्यांचं, कुंदन, म्हणजे दामिनीचे बाबा. त्याच्या पायाला धागा नव्हता. मंगलाबाईंच्या हातून दुर्गाबाई धागा कसा बांधून घेणार? आणि घ्यायची गरज तरी काय, पहिला हूक ठरलेलाच होता. दुसऱ्या हुकाला रीना, तीही तीन महिन्यांची.

त्या दिवशी वरच्या झरोक्यातून ऊन थेट पहिल्या झोळीवर पडलं. कुंदन लालबुंद झाला. मंगलाबाईंनी त्याला उचलून दुसऱ्या झोळीत सावलीत टाकलं आणि आपल्या रीनाला पहिल्या झोळीत, उन्हात. सेठांच्या लेकराला सावली दिली, एवढंच केलं त्यांनी. बॉक्समध्ये जाऊन सांगून येते, असं म्हणत होत्या तोवर लाईट गेली. मशीन बंद. बायांचा कालवा. एक म्हातारी जिन्यावर घसरली, तिच्याकडे बॅटरी घेऊन त्या धावल्या. जनरेटर लागून पडदा पुन्हा उजळला तेव्हा त्या परत आल्या. दुसऱ्या झोळीत कुंदन टाहो फोडत होता. पहिली झोळी रिकामी होती.

बॉक्सचं दार लोटलेलं. आत अंधारात दुर्गाबाई रीनाला पाजत होत्या.

मंगलाबाई दाराशी वीस मिनिटं उभ्या राहिल्या. हात दोनदा कडीवर गेला, दोनदा मागे आला. आत जाऊन काय सांगायचं? तुमच्या मांडीवर माहं लेकरू हाये? वीस मिनिटांनी दुर्गाबाई आल्या, लेकराला पहिल्या झोळीत ठेवलं आणि एक शब्द न बोलता परत गेल्या. खेळ सुटायच्या आत मंगलाबाईंनी लेकरं जागच्या जागी करून टाकली. कोणाला कळलं नाही.

पण त्यानंतर दुर्गाबाईंनी कुंदनला टॉकीजमध्ये कधी आणलं नाही. स्वतः आल्या, त्याला घरी ठेवून. मंगलाबाईंना कामावरून काढलंही नाही. का आणलं नाही? का काढलं नाही? कधी वाटायचं त्यांना सगळं माहीत आहे, कधी वाटायचं काहीच नाही. पन्नास वर्षं हे एक कुसळ. तीस वर्षं तर दुर्गाबाई समोरून बॉक्समध्ये जायच्या आणि मंगलाबाई त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता दार उघडून धरायच्या.

"आल्या," रीना म्हणाली.

पांढरी गाडी ओट्याला लागली. दामिनीने दार उघडलं. आधी काठी बाहेर आली, मग दुर्गाबाई. बारीक झाल्या होत्या. अंगावर कोशाची फिकी साडी, कपाळ मोकळं. सानगडीहून आलेले आठ-दहा निवृत्त मास्तर आधीच उभे होते. त्यांच्यातले परसराम मास्तर पुढे होऊन म्हणाले, "नमस्कार सेठानीबाई! तुमच्या टॉकीजमधी थर्डात बसून मी मॅट्रिकची फी उडवली. दोनदा नापास झालो."

"मंग फी वापस पाहिजे का?" दुर्गाबाई म्हणाल्या.

सगळे हसले. दामिनीने परीक्षा पास झाल्यासारखा सुस्कारा सोडला. मंगलाबाई मात्र हसता हसता थांबल्या, कारण दुर्गाबाईंची नजर त्यांच्यावर येऊन टेकली होती.

"मंगला?"

"हो, सेठानीबाई."

"जिती हायेस अजून."

"तुमी बी."

आधी मोर झाले. मग खिडक्या झाल्या. दामिनी भरभर बोलत होती, दर वाक्याला आजीकडे बघत. मंडईच्या जत्रांचे दिवस आले की झाडीपट्टीतली नाटकं सुरू व्हायची आणि टॉकीज कसं ओस पडायचं, यादोराव सेठ पडद्यासमोर एकटे बसून सिनेमा कसा बघायचे, ते तिने नक्कल करून सांगितलं. पडद्याशी दुर्गाबाई थांबल्या. कोशाची किनार दोन बोटांत धरली. "हे आमच्या घरचं विणकाम होय," एवढंच बोलल्या. दामिनीने मंगलाबाईंना डोळ्यांनी खुणावलं: चाललंय, चाललंय!

मंगलाबाईंनी मुठीतले धागे रंगारंगाने वेगळे करायला घेतले.

लेडीज क्लासच्या जिन्याशी धागे बांधायचे असत. मास्तरांनी हौसेने हात पुढे केले. "तुमी लाल. तुमी पिवळे. मास्तर, तुमी जांभळे, रडू नोका." सगळ्यांचे झाले. मग समोर दुर्गाबाई आल्या. त्यांचे दोन्ही हात काठीवर होते, एकावर एक. मंगलाबाईंच्या बोटांत हिरवा धागा. तो त्यांनी धरला तसाच हवेत राहिला.

"आजी, हात दे ना," दामिनी म्हणाली. "सगळ्यांना बांधतात. गंमत असते."

"राहू दे," दुर्गाबाई म्हणाल्या. "तवाही नोहोता बांधला."

दामिनीला त्यात काही दिसलं नाही. रीनाला दिसलं. ती सगळ्यांच्या मागे, खालच्या पायरीवर उभी होती, तिने आईकडे पाहिलं. म्हणजे यांना तो धागा आठवतो. धागा आठवतो तर मग आणखी काय काय? मंगलाबाई पायऱ्या चढत होत्या आणि प्रत्येक पायरीवर त्यांचं मन इकडचं तिकडे होत होतं. बोलून टाकू ते एक वाक्य. सही होऊन जाईल. नाही, नाही बोलत. बोलून टाकू. सोळाव्या पायरीवर धाप लागली. माणसं वाट बघत होती.

त्या सुरू झाल्या. जिभेला सवय होती, ती आपोआप चालली. झोळ्या, धागे, अंधारातला गोंधळ, "माहं होय का वो?" मास्तर मंडळी हसून डोळे पुसू लागली. एकाने विचारलं, "अन् लेकराची मायच झोपी गेली तर?"

"मंग मीच सिनेमा पाहाची अन् तिले घरी जाताना कहानी सांगाची."

पुन्हा हशा. दुर्गाबाई हसल्या नाहीत. त्या पहिल्या हुकाखाली उभ्या होत्या. बॉक्सच्या दाराशी, त्यांच्या जुन्या जागी.

"आणि," दामिनीने हात उंचावून इशारा दिला, "चौतीस वर्षांत..."

मंगलाबाईंनी तोंड उघडलं. खोकला आला नाही. आज यायला हवा होता, पण आला नाही.

"चौतीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "धाग्यानं चूक झाली नाही."

दामिनीने टाळ्यांसाठी हात जुळवले.

"माह्यानं झाली. एक डाव."

दामिनीचे हात तसेच राहिले.

मंगलाबाईंनी सांगितलं. उन्हापासून सांगितलं. झोळी बदलली, लाईट गेली, म्हातारी घसरली, बॉक्सचं दार लोटलेलं होतं. नावं घेतली. हात त्यांनी पाठीमागे धरले होते, एकमेकांत घट्ट अडकवून, म्हणजे ते पुढे येऊन जुळणार नाहीत. मास्तरांपैकी कोणीतरी "अरे बाप्पा" असं म्हणालं. "मंगलाबाई, पुरे," दामिनी अगदी हळू म्हणाली. "पुरे ना. प्लीज."

दुर्गाबाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कोनतं लेकरू ते?"

मंगलाबाई काही बोलायच्या आत मागून रीना म्हणाली, "मी."

दुर्गाबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांची बाई, चष्मा, खांद्याला ऑफिसची पर्स. मग पुन्हा मंगलाबाईंकडे वळल्या.

"अन् माहा कुंदन? तेवढा वेळ?"

हे रीनालाही ठाऊक नव्हतं. भाकरी थापताना मंगलाबाईंनी एवढा भाग गिळून टाकला होता.

"रडून राहिला होता," मंगलाबाई म्हणाल्या. "काळानिळा पडला होता. मले दूध फुटलं होतं. मंग मी... मीच पाजलं त्याले. इथं. या भिंतीले टेकून."

दामिनीच्या डोळ्यांसमोरून आपले बाबा गेले असावेत: घराच्या वास्तुशांतीला मंगलाबाईंना बाहेरच्या ओट्यावर वेगळ्या पंगतीत बसवणारे. तिने खाली फरशीकडे पाहिलं. कागदाची फाईल तिच्या काखेत होती, ती तिने पाठीमागे घेतली.

"माय," रीना म्हणाली आणि तिने चष्मा काढला.

खरं बोलून झालं होतं. आता मंगलाबाईंना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कुसळ होतं तिथेच होतं, कारण ते या सांगण्याचं नव्हतंच. त्या एक पाऊल पुढे आल्या. दुर्गाबाईंच्या इतक्या जवळ त्या आयुष्यात कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"सेठानीबाई, एक इचारू?"

दुर्गाबाई मागे सरल्या नाहीत.

"माह्या पोरीच्या टाळूले मोहाचं तेल राहे. आमच्याकडं तेच लावत. वास येते त्याचा, अंधारात बी येते. तुमच्या लेकराले तर बदामाचं. अन् तिच्या पायात धागा होता, हिरवा. तुमच्या लेकराच्या पायात नोहोता." त्यांनी पहिल्या हुकाकडे बोट केलं. "वीस मिनिटं तुमी पाजलं तिले. पोट भरतपर्यंत. तुमाले समजलं नोहोतं का?"

वर झरोक्यातून ऊन पडलं होतं, पहिल्या हुकावर. दुर्गाबाईंनी मान वर करून हुकाकडे पाहिलं. ओठ हलले, की नुसतेच सुकले होते म्हणून त्यांनी ते ओले केले. मग काठी टेकली आणि त्या वळल्या.

"आजी," दामिनी म्हणाली. "आजी, थांब ना. हात धरते."

त्यांनी हात धरू दिला नाही, तिच्या फाईलकडेही पाहिलं नाही. मास्तर मंडळी दोन्ही बाजूंना सरकली. रीना जिन्याच्या तोंडाशी उभी होती, ती सरकली नाही. तिच्यापाशी दुर्गाबाईंची चाल मंदावली, पण तिथे उंबरा होता आणि पहिली पायरी उंच होती. मग त्या तिच्या अंगावरून, खांद्याला खांदा घासून, खाली उतरू लागल्या. एक पायरी, काठी. एक पायरी, काठी. मंगलाबाई वरून मोजत होत्या, ओठ न हलवता. सोळा झाल्या. खालच्या फरशीवरून काठी वाजत दाराकडे गेली, आणि मग रस्त्यावरचा आवाज तेवढा उरला.